दोन किलोमीटर, सात तास

लिनव्हिल गॉर्जमध्ये किती किलोमीटर जायचंय हे विचारून काही उपयोग नाही, किती तास ते विचारायचं, आणि त्यातही वर यायला किती ते. मी मूळची नाशिकची, आता नॉर्थ कॅरोलायनात पॅरामेडिक आहे, आमच्याकडे येणाऱ्या कॉल्समध्ये डोंगरातले बरेच असतात. त्यातला एक नोव्हेंबरमधला कॉल लिहून ठेवायचा होता, हेलेन वादळाच्या आधीचा आहे.

जागा आधी सांगते कारण जागा कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. ब्लू रिज डोंगररांगेच्या पूर्वेच्या कडेला लिनव्हिल नदीने क्वार्ट्झाइटच्या कातळात खोल घळ कापलीये, दोन्ही बाजूंना उंच धारा, पूर्वेला हॉक्सबिल, टेबल रॉक, शॉर्टऑफ ही शिखरं. साधारण बारा हजार एकर, आणि 1964 च्या कायद्याने पहिल्याच फेरीत विल्डरनेस म्हणून राखलेलं. म्हणजे आत गाडी नाही, मोटर नाही, पडलेलं झाड कापायचं तरी हाताच्या मोठ्या करवतीने, चेनसॉ चालत नाही. झाडांवर रंगाच्या खुणा नाहीत, पाट्या जवळजवळ नाहीत. आणि मासे पकडणाऱ्यांनी, कॅम्प करणाऱ्यांनी पाडलेल्या पायवाटा खऱ्या वाटेसारख्याच दिसतात, शंभर पावलं जाऊन रोडोडेंड्रनच्या झुडपांच्या जाळीत संपतात. ती जाळी अशी की आत माणूस शिरला तर फांद्या धरून अक्षरशः रांगावं लागतं.

सह्याद्रीत फिरलेल्यांना एक गोष्ट इथे फार जड जाते. गडावर आधी चढ असतो, दमलात की उतार, आणि खाली गाव, कुणाच्या तरी ओसरीवर पाणी मिळतं. इथे आधी उतार. सकाळी ताज्या पायांनी नदीपर्यंत पोचता, आणि दमल्यावर तोच सगळा चढ अंगावर येतो. वाट विचारायला गुराखी नाही, गाव नाही, आणि झाडं इतकी दाट की आपण कुठे आहोत हे डोळ्यांनी कळत नाही.

कॉल दुपारी दीडच्या सुमाराला आला. दोन मैत्रिणी बेबल टॉवर ट्रेलने नदीपर्यंत उतरल्या होत्या, त्यातल्या एकीचा, वय सदुसष्ट, ओल्या पानांखालच्या दगडावरून पाय सटकला होता. खाली मोबाइलला रेंज नाही, पण मैत्रिणीकडे गार्मिनचं सॅटेलाइट यंत्र होतं, त्यावरून एसओएस. मॅपवर तो ठिपका वरच्या कच्च्या रस्त्यापासून इतका जवळ दिसत होता की नवीन माणसाला वाटेल अर्ध्या तासाचं काम. आम्ही चौघं पुढे निघालो, मागून स्ट्रेचर घेऊन बाकीचे येणार होते. हेलिकॉप्टरचं आमच्या लीडरने विचारलं होतं, राज्याची हेलिकॉप्टर रेस्क्यू टीम आहे आणि जीव वाचवायला विल्डरनेसमध्येही येऊ देतात, पण ढग घळीत उतरून बसले होते आणि बारीक पाऊस. नाहीच म्हणाले.

उतरताना मेलेले हेमलॉक वृक्ष आडवे पडलेले, एका बारीक किड्याने या डोंगरांतले हेमलॉक मोठ्या प्रमाणावर मारलेत, तर कधी खोडाखालून, कधी वरून, पाठीवर औषधांची बॅग. सव्वाचारला पोचलो.

आणि मला जे दिसलं ते मी कधीच विसरणार नाही. त्या बाई बॅकपॅकवर बसलेल्या, खाली जमिनीचा गारवा लागू नये म्हणून फोमची चटई, ओले कपडे बदलून कोरडी लोकर, वर रेनकोट, डोक्याला टोपी, मैत्रीण पाठीला पाठ लावून बसलेली. तपमान पाच-सहा अंश असेल. अशा हवेत पावसात भिजलेला माणूस दोन-तीन तासात बरळायला लागतो, हात चालत नाहीत, आणि सुरू झालेली थरथर थांबली तर प्रकरण गंभीर. यांना थरथर सुरूच झाली नव्हती आणि बोलणं एकदम स्वच्छ. हातात नकाशा, आणि नकाशाच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं: 12:40 पडले. 1:15 बोटं हलतात. 2:10 मुंग्या. 3:30 बोटं बधीर, पाय गार.

शेवटची ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. बूट कापून काढला, घोटा निखळून पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, हाड तुटलेलं असणारच, कातडी आतून ताणून पांढरी पडलेली. पावलावरची नाडी शोधली, नाही. घोट्यामागे शोधली, नाही. नखं दाबली तर रंग परत येईना.

आता गणित असं होतं. रक्त थांबलं की पायाकडे साधारण सहा तास असतात, नंतर स्नायू मरायला लागतात. साडेतीनपासून मोजलं तर साडेनऊपर्यंत. आणि वरती रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर, जवळपास तीनशे मीटर चढ, अंधारात, ओल्या दगडांवरून स्ट्रेचर. आमच्या टीममधले जुने लोक या वाटेला मध्यरात्र होणार हे न बघता सांगत होते. बाईंनी ती पेन्सिलची ओळ लिहिली नसती तर मला माहीतच नसतं की घड्याळ कधी सुरू झालं. हॉस्पिटलमध्ये नीट करू असं म्हणायची सोय त्या ओळीने ठेवली नाही, पाऊल तिथेच सरळ करायला हवं होतं.

आमचा प्रोटोकॉल याला परवानगी देतो, पण शक्य असेल तर डॉक्टरशी बोलून. घळीतून रेडिओ थेट लागत नव्हता, कड्यावर थांबलेला एक जण मधे निरोप देत होता, मी बोलायचं, तो वर सांगायचा, उत्तर परत यायचं, आणि प्रत्येक वाक्य दोनदा. डॉक्टर हो म्हणाल्या. शिरेतून वेदनेचं औषध दिलं, बाईंना सगळं खरं सांगितलं, दुखणार आहे, आणि न केलं तर पाय जाऊ शकतो. त्या म्हणाल्या, "कर बाळा, मी झाडाकडे बघते." एकाने गुडघा धरला, मी टाच आणि पावलाची वरची बाजू धरून हळूहळू लांबीच्या दिशेने ओढत पाऊल सरळ आणलं, आत खट्‌ झालेलं हाताला कळलं, त्यांनी एकदाच मोठ्याने ओरडून मग श्वास सोडला. स्प्लिंट बांधायच्या आधी परत नाडी शोधली. बोटाखाली बारीक ठोका. मी तो मोठ्याने मोजला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून, आणि मैत्रीण रडायला लागली.

मग वर नेणं. स्ट्रेचरला एका वेळी सहा जण लागतात, आणि दर थोड्या वेळाने बदलायला पुढचे सहा, म्हणून वीस-पंचवीस माणसं जमली होती, गावातल्या व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंटची, कुणी मेकॅनिक, कुणी शाळेत शिकवणारं. सरळ वाटेवर स्ट्रेचरखाली एक चाक लावतात, पण इथे चाक चालेल असा तुकडा फार थोडा. खडकाळ जागी सगळे दोन ओळीत बसतात आणि स्ट्रेचर हातोहात पुढे सरकतो, स्लॅब टाकताना घमेली जातात तसा, मागचे उठून पुढे जाऊन परत बसतात. चढाच्या जागी दोर झाडाला बांधून. पडलेल्या प्रत्येक हेमलॉकपाशी थांबून, कुणी खाली, कुणी वर, "रेडी?" "लिफ्ट." सहाला निघालो. दर अर्ध्या तासाला मी थांबवून बोटांचा रंग, नाडी, वेळ लिहायचे, त्यांच्याच नकाशावर, त्यांच्याच ओळींच्या खाली. त्यांनीच तसं सांगितलं होतं.

एका थांब्यावर त्यांनी मला हेडलॅम्प जमिनीवर मारायला सांगितला. वाटेच्या कडेला गोल चकचकीत पानं, काही तांबूस झालेली. गॅलॅक्स. म्हणाल्या, माझी आजी ही पानं गोळा करून फुलवाल्यांना विकायची, त्यावर घरात मीठमिरची यायची. या डोंगरातल्या कितीतरी घरांची ती कमाई होती. आणि जंगलात मधेच जो कुबट उग्र वास येतो तो या झाडाचाच, मला इतकी वर्षं तो कुठल्यातरी जनावराचा वाटायचा. पाय मोडून स्ट्रेचरला बांधलेली बाई मला झाड शिकवत होती, आणि मागे उभा असलेला फायर डिपार्टमेंटचा आडदांड माणूस म्हणाला की माझी पणजी पण हेच करायची. दमलेली सगळी माणसं पाच मिनिटं फक्त पानांबद्दल बोलली. मला हे काम का आवडतं असं कुणी विचारलं तर मी ही पाच मिनिटं सांगते.

रात्री एकला वर कच्च्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्सपाशी पोचलो. सात तास. त्याच रात्री ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू, पाय राहिला.

नंतर 2024 च्या सप्टेंबरात हेलेन आलं आणि घळीतल्या वाटांवर इतकी झाडं पडली, इतक्या दरडी कोसळल्या की जुना अंदाज काही कामाचा राहिला नाही. म्हणून शार्लट, रालेहून कुणी येणार असाल तर आधी फॉरेस्ट सर्व्हिसकडून कुठली वाट चालू आहे ते बघा, आणि पहिल्यांदाच खाली नदीला उतरू नका, हॉक्सबिलवर जा, छोटा चढ आहे आणि पूर्ण घळ एका नजरेत दिसते. सॅकमध्ये एक कोरडा लोकरीचा जोड प्लास्टिकमध्ये बांधून, बसायला चटई, हेडलॅम्प, आणि एक पेन्सिल. मोबाइल भिजतो, बॅटरी थंडीत उतरते, पेन्सिल चालते.