सहा वर्षांनी रायफल हातात घेतली आणि पहिल्याच दिवशी बोल्ट ओढायचा विसरलो

आधी सांगतो, भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं स्पष्ट मत आहे, त्यामुळे कमेंटमध्ये त्यावरून भांडू नका. मी हे शिकलो अमेरिकेत. विस्कॉन्सिनला नऊ वर्षं होतो, शेजारच्या म्हाताऱ्याने शिकवलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा गन सीझन सुरू होतो, पहाटे अंधारात झाडावरच्या स्टँडवर चढून बसायचं आणि मग नुसतं बसायचं, थर्मासमधली कॉफी संपेपर्यंत, पाय बधिर होईपर्यंत. हरीण येतं किंवा येत नाही. आमची सगळी कला म्हणजे बूड हलू न देणं.

मग स्कॉटलंडला नोकरी लागली, इन्व्हर्नेसजवळ. काम काय, तर डोंगरावर लावलेली आणि आपोआप उगवलेली रोपं हरणांनी किती खाल्ली ते मोजायचं. काठी टेकवायची, त्या चौकोनातलं प्रत्येक रोप बघायचं, शेंडा कुरतडलाय का लिहायचं, पुढे चालायचं. दोन वर्षं हेच केलं. इकडे लांडगे कधीच संपलेत, त्यामुळे हरणांची संख्या माणसांनीच आटोक्यात ठेवायची, आणि मी रोज ज्या रोपांचे बोडके शेंडे मोजतो त्याचं कारण डोंगरावर चरत असतं. त्यामुळे इस्टेटचा (म्हणजे या खासगी डोंगराळ जमिनीचा) स्टॉकर, हरणं मारायचं काम बघणारा माणूस, म्हणाला की मोजतोस तर एक दिवस बघायलाही ये, तेव्हा नाही म्हणवलं नाही.

डिसेंबर होता, इथे तेव्हा पावणेनऊला उजाडतं आणि साडेतीनला अंधार. मी विस्कॉन्सिनची सवय म्हणून भडक नारिंगी जॅकेट घालून गेलो. तिकडे सक्ती आहे ना, दुसऱ्या शिकाऱ्याने गोळी घालू नये म्हणून. स्टॉकरने एकदा वरून खाली बघितलं, मग बाही दोन बोटांत धरून चोळली. खर्र खर्र. "रंगाचं सोड, हरणाला तो नारिंगी असा दिसतच नाही, पण हा आवाज त्याला पुढच्या दरीत ऐकू जाईल," असं म्हणून त्याने स्वतःचं जुनं लोकरीचं जाकीट दिलं, ज्याला ओल्या कुत्र्याचा वास येत होता. मग १०० मीटरवर टार्गेटला एक गोळी मारायला लावली. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे रायफलचा बाजूचा दांडा, ओढून पुढची गोळी भरायची. रायफल त्याचीच, माझ्याकडे इथला परवाना नाही, पण तो सोबत असताना इस्टेटची रायफल वापरता येते.

मोनालियाचे डोंगर म्हणजे काय सांगू, एक झाड नाही! स्टँड बांधायचा म्हटलं तर कशाला बांधणार? नुसतं हेदरचं बुटकं झुडूप आणि पीटचा, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याचा, काळा चिखल. दीड किलोमीटरवर दुर्बिणीतून आठ-दहा माद्या दिसल्या आणि मला वाटलं आता सरळ जायचं. तर तो उलट्या दिशेला चालायला लागला. खिशातून पावडरची छोटी बाटली काढून फुस्स केलं, पावडर आमच्या मागून पुढे हरणांकडे गेली, म्हणजे झालं, आमचा वास तिकडे. तासभर वळसा घालून डोंगराच्या पाठीमागून वर चढलो, मग ओढ्याच्या पात्रात उतरलो, आणि शेवटचे दोनशे मीटर पोटावर. पोटावर म्हणजे खरंच पोटावर, हनुवटी चिखलात, कोपरावर कोपर. पाणी पँटच्या पट्ट्यातून आत शिरलं तेव्हा मला झाडावरची ती कोरडी फळी फार आठवली.

१२० मीटरवर एक मादी आणि तिचं या वर्षीचं पाडस. स्टॉकर कानाशी म्हणाला, आधी पाडस, मग आई, दोन्ही जमणार असेल तरच. उलटं झालं आणि पाडस निसटलं तर हिवाळ्यात ते एकटं उपाशी मरणार. हे सगळं मला कागदावर पाठ होतं. स्कोपमधून बघताना मात्र त्याचे कान दिसत होते, एक कान पावसाने चिकटला होता आणि पाडस तो सारखा झटकत होतं.

गोळी मारली. पाडस जागेवर बसलं.

आणि मी थांबलो. विस्कॉन्सिनमध्ये त्या सकाळी माझ्याकडे एकच टॅग, म्हणजे एकाच हरणाची परवानगी, असायची. एक गोळी, मग श्वास सोडायचा, हात थरथरू द्यायचे, मित्राला मेसेज. तेच केलं, हात आपोआप खाली आला. मादी वीसेक पावलं पळाली, थांबली, आणि वळून परत यायला लागली. "बोल्ट, बोल्ट, बोल्ट!" तो कुजबुजत ओरडत होता आणि मी त्याच्याकडे बघतोय, कसला बोल्ट? मग कळलं. बोल्ट ओढला, रिकामं काडतूस उडून त्याच्या गालावर बसलं. ती पाडसाजवळ येऊन मान खाली घालून उभी राहिली होती. दुसरी गोळी नीट लागली, एवढंच सांगतो.

त्याने शिवी घातली नाही. आतडी काढताना फक्त म्हणाला, "ती परत आली म्हणून निभावलं." दोरी बांधून दोघांनी दोन्ही जनावरं आर्गोपर्यंत, म्हणजे चिखलात चालणाऱ्या आठ चाकांच्या गाडीपर्यंत, ओढली, अर्ध्या वाटेत अंधार पडला.

रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "एवढ्या चिखलात लोळायचं, तिकडे दुकानात मटण मिळत नाही का रे?" मी तिला सांगितलं की उलट हेच मटण दुकानात जातं. अमेरिकेत रानातल्या हरणाचं मटण विकता येत नाही, इथे टॅग लावून व्यापाऱ्याकडे देतात. पाडसाचं नाही सांगितलं.

फोनच्या आधीचं राहिलंच. लार्डरमध्ये, म्हणजे जनावर टांगायच्या थंड खोलीत, त्याने लिंफच्या गाठी चाचपून बघितल्या. विस्कॉन्सिनमध्ये याच गाठी कापून सीडब्ल्यूडीच्या, म्हणजे हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाच्या, टेस्टला देतात, त्यामुळे ही एक गोष्ट तरी मला ओळखीची वाटली. मग वजन. पाडस २६ किलो, आई ४४. त्याचे हात रक्ताने भरलेले, म्हणून वही मी धरली. वय जबड्यावरून सात-आठ. पुढचा रकाना दुधाचा, मादीला दूध होतं की नव्हतं. त्याने आचळ दाबलं, बोटावर पांढरा थेंब आला.

"हो लिही," तो म्हणाला. मी हो लिहिलं.