फाटक्या पुस्तकांत आहे काय?

घरी पाहुणे आले की कपाटाकडे बघून पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हे सगळं वाचलंय का तुम्ही?" त्याचं उत्तर मी देत नाही. दुसरा प्रश्न चहा होईपर्यंत येतो: "अहो, पण 'सुदाम्याचे पोहे' आजही दुकानात मिळतं. पीडीएफ तर फुकट. मग हे पिवळं, कसर लागलेलं बाड कशाला सांभाळायचं? नाकाला रुमाल लावून विनोद वाचायचा का?" प्रश्न रास्त आहे. परवा भाचेजावयांनीही तोच विचारला, म्हणून एकदा बैठक मारून सांगतो.

माझ्याकडे जुनी पुस्तकं फार नाहीत. दोनशेच्या आत असतील, आणि जवळजवळ सगळी मराठी विनोदाची आणि उपहासाची. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकऱ्यांनी 'बाळकराम' या टोपणनावाने लिहिलेले लेख, अत्र्यांची 'झेंडूची फुले', चिं. वि. जोशी. यातलं काहीही कुणी लिलावात लाखो रुपये मोजून घेणार नाही, त्यामुळे गुंतवणूक वगैरे डोक्यातून काढून टाका. बहुतेक प्रती रद्दीवाल्याकडून आल्या. काही बंद पडलेल्या वाचनालयांच्या, शिक्के मारलेल्या.

कोल्हटकरांचंच उदाहरण घेऊ. हा माणूस वऱ्हाडात वकिली करायचा, आणि 1902 साली त्यांनी लिहिलेल्या पहिल्या विनोदी लेखाचं नाव होतं 'साक्षीदार'. धंद्यातला माल बाहेर विकायला काढला म्हणा ना. पुढे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाने रूढी, सणवार, भोंदूपणा असं काहीच सोडलं नाही. 1910 मध्ये हे लेख पुस्तकरूपाने आले. त्या पुस्तकाच्या शीर्षकपानावर 'सुदाम्याचे पोहे' याच्या जोडीला 'अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे' असं छापलेलं होतं. अठरा धान्यांचं कडबोळं म्हणजे सगळ्याची खिचडी, हे आपल्याला ठाऊक असतं. पण अनुक्रमणिका मोजली की कळतं, लेखही अठराच! पुढे लेख वाढले आणि 1923 ची आवृत्ती आली ती 'अर्थात साहित्य-बत्तिशी' या नावाने. लेख बत्तीस. सिंहासनबत्तिशीतल्या पुतळ्यांइतके, आणि हसताना दिसणाऱ्या दातांइतकेही.

हा विनोद पुस्तकाच्या आत कुठेच नाही. तो दोन शीर्षकपानांच्या मधल्या तेरा वर्षांत आहे. दोन्ही पानं शेजारीशेजारी ठेवली तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. बायकोने आतून विचारलं, "फोन आलाय का कुणाचा?"

आणखी एक गोष्ट म्हणजे शुद्धलेखन. 1962 मध्ये साहित्य महामंडळाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. पुढच्या आवृत्त्यांत ते काढून टाकणं सोयीचंच होतं, मीही शाळेत नवेच नियम शिकलो. पण 'कांहीं', 'नाहीं', 'कोठें' वाचत बंडूनानांकडे बघितलं की ते पगडीत दिसतात. नव्या छपाईत त्यांनी पगडी खुंटीला टांगलेली असते. माणूस तोच, पण जरा कमी भारदस्त वाटतो, आणि भारदस्त माणूस घसरला तरच मजा.

'झेंडूची फुले'ची तऱ्हा निराळी. 1925 मध्ये अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने आपल्या काळातल्या कवींची विडंबनं केली. रविकिरण मंडळ हा कवींचा गट तेव्हा ऐन भरात होता. आता विडंबन म्हणजे सावली. ज्याची सावली तो माणूसच उन्हातून निघून गेला तर जमिनीवरच्या काळ्या डागाला हसायचं कसं? पहिल्या वाचनात मला निम्मी फुलं कळलीच नाहीत. म्हणून मूळ कविता शोधल्या. माधव ज्यूलियन आले, यशवंत आले, गिरीश आले, मग मंडळाचे एकत्र संग्रह. टिंगल करणाऱ्याचं एक पुस्तक घेतलं आणि ज्यांची टिंगल झाली त्यांचा अख्खा खण भरला. त्यातल्या कितीतरी कविता मला आता मनापासून आवडतात, हे अत्र्यांच्या खात्यावर जमा धरायचं की नावे, ते ठरत नाही.

गडकऱ्यांच्या पुस्तकाकडे मात्र मी हसण्यासाठी क्वचितच जातो. ते 1919 च्या जानेवारीत गेले, तेहेतिसाव्या वर्षी. 'संपूर्ण बाळकराम' निघालं ते त्यानंतर. त्या 'संपूर्ण' शब्दावर नजर गेली की आतला विनोद थोडा वेळ थांबतो.

आता एक कबुली. माझ्या 1910 च्या प्रतीला पहिल्या वाचकाची पेन्सिल लागलेली होती. रूढींची टिंगल जिथे रंगात आली आहे, तिथे समासात कुणीतरी चिडून लिहिलं होतं: "हें खोटें आहे. शास्त्राधार काय?" सुदाम्याकडे शास्त्राधार मागणारा हा गृहस्थ माझा लाडका. उपहास नेमका कुणाला लागला, याचा असा पुरावा छापील पानावर मिळत नाही. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे, सुटायला लागले म्हणून मी ते एका बाइंडरकडे दिलं. "चांगलं मजबूत करा," एवढंच म्हणालो. त्याने ते खरोखरच मजबूत केलं. नवा पुठ्ठा, कापडी पाठ, वर सोनेरी अक्षरं. जुनं फाटकं मुखपृष्ठ आणि मागच्या जाहिरातींची पानं त्याने टाकून दिली, कारण "ती खराब झाली होती". आणि कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मारलं. समासात आता फक्त "हें खो" उरलं आहे. बाइंडरचा राग नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं मीच, आणि तेव्हा मलाही ते नीट कळलेलं नव्हतं.

तेव्हापासून कात्री बंद. सुटी पानं मैद्याच्या पातळ खळीने आणि जपानी कागदाच्या पट्टीने जोडतो, गंजलेल्या तारेच्या टाचण्या नखाने हळूच काढून दोऱ्याने शिवतो, आणि पावसाळ्यात कपाटाची दारं रोज थोडी उघडी ठेवतो. प्रत घेताना आधी मलपृष्ठ बघतो: किंमत आण्यांत आहे का. नसेल तर ती नवे पैसे आले त्या 1957 नंतरची असायची शक्यता दाट, मग शीर्षकपान काहीही सांगो. मग प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी छापलेला आकडा मोजत जातो. एखादा आकडा गळला असेल तर सोळा पानं कुणाच्या तरी भेळेबरोबर गेली असं समजायचं.

पीडीएफ मीही वापरतो, खोटं कशाला बोलू. शब्द शोधायला त्यासारखं दुसरं काही नाही. पण स्कॅन करणाऱ्याच्या हातात प्रत पोचेपर्यंत तिचं मुखपृष्ठ बहुधा गेलेलं असतं, म्हणजे माझ्या बाइंडरचे भाऊबंद सगळीकडे आहेत.

तर भाचेजावई, तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत 'अठरा धान्यांचे कडबोळे' सापडलं, वरच्या कागदासकट, तर मला आधी फोन करा. देऊ नका हवं तर, नुसतं बघू द्या. आणि तोवर त्याला सेलोटेप लावू नका.