गरवायला का जातात माणसं?

बाजारात तांबोशी (खाडीतला लालसर मासा) मिळते, खवले काढून तुकडे करून पिशवीत घालून देतात. मग भर दुपारी उन्हात खाडीवर गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे पकडायला, जाऊन बसायचं कशाला, हा प्रश्न आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकतोय. आधी आजी आजोबांना विचारायची, मग काकी काकांना, आता बायको मला विचारते, आणि प्रश्न बरोबरच आहे कारण हिशोब कधीच बसत नाही. आमिषाची कोळंबी, पेट्रोल, खडकात अडकून तुटलेल्या गऱ्या (गळाचे आकडे), वजनाला बांधायचं शिसं, हे सगळं धरलं तर तेवढ्या पैशात घरात दोन दिवस मासे येतील. आणि तरी संध्याकाळी देवबागला कर्ली खाडीच्या काठाला जा, पणजीला मांडवीच्या काठावर जा, वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर जा, हातात तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) धरून बसलेली माणसं दिसणारच. मी इथे पोटासाठी मासेमारी करणाऱ्यांबद्दल बोलत नाहीये, ते वेगळं जग आहे आणि वेगळे कष्ट आहेत. ज्यांना मासा नाही मिळाला तरी चूल पेटते आणि तरी जी जातात त्या माणसांबद्दल बोलतोय.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे शांतता मिळते, पेशन्स वाढतो, डोकं शांत होतं. मला ते पटत नाही. गरवायला बसलेला माणूस लांबून शांत दिसतो कारण तो हलत नाही एवढंच, पण आतून तो इतका कामात असतो की ऑफिसमध्ये कधी नसेल. त्याचं लक्ष पाण्याच्या रंगावर असतं, वाऱ्यावर असतं, शिसं जागेवर आहे की सरकलं त्यावर असतं, आणि सगळ्यात जास्त त्याच्या पहिल्या बोटावर असतं. शांतता हवी तर माणूस देवळात बसेल. खाडीवर तो येतो कारण त्याला पाण्याखाली काय चाललंय ते जाणून घ्यायचंय, ते डोळ्यांनी दिसत नाही, आणि जाणून घ्यायला त्याच्याकडे एक दोरी आहे. माझ्या मते प्रेम आहे ते याच्यावर. मासा हातात आला की खाली नक्की कोण होतं ते सांगणारा पुरावा हातात येतो, म्हणून तो पाहिजेच, पण बाकीचा सगळा वेळ कशात जातो ते बघा.

पहिलं म्हणजे भरती. आमच्याकडे घड्याळाआधी तिथी बघतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, साधारण साडेचारला पाणी पूर्ण भरणार, दशमी असेल तर साडेसात. गावागणिक थोडं मागेपुढे होतं पण काम चालतं. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते आणि चंद्राच्या मागोमाग सरकते म्हणून हे गणित जमतं, आता मोबाईलवर टाइड टेबलचं अॅप आहे तरी काका अजून कालनिर्णयात तिथी बघूनच निघतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, तेव्हा पाण्याला इतका जोर की शिसं तळाला टिकत नाही आणि खाडी गढूळ होते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती, पाणी सुस्त, मासाही सुस्त. मधले दिवस चांगले, असं आमच्याकडचे म्हणतात, आणि प्रत्येकाचा लाडका दिवस वेगळा असतो त्यावरून वाद पण होतात.

आणि भरती का, तर पाणी चढायला लागलं की तिवरांच्या मुळांमध्ये शिरतं, तिथली कोळंबी, छोटे मासे, खेकड्यांची पिल्लं हलायला लागतात आणि मोठा मासा त्यांच्या मागे आत येतो. पण तो प्रवाहात कुठेही उभा राहत नाही, उगाच ताकद कोण घालवेल. तो पुलाच्या खांबाच्या आडोशाला, खडकाच्या मागे, जिथे पाणी गोल फिरतं तिथे तोंड प्रवाहाकडे करून थांबतो आणि समोरून वाहत येईल ते खातो. हे एकदा कळलं की खाडी पूर्वीसारखी दिसतच नाही. बाकीच्यांना पाण्याचा एक पसरट पट्टा दिसतो, गरवणाऱ्याला त्यात खोल्या दिसतात, दारं दिसतात, इथे खोल आहे, इथे वाळूची पट्टी आहे, इथे दोन रंगांचं पाणी भेटतं तिथे काहीतरी असणार. पुलावरून एसटी जाताना पण मान वळतेच, पाणी चढतंय की उतरतंय ते बघायला.

आता बोटाचं सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. रॉड आणि रील मस्तच, मी पण वापरतो, पण हातात नुसतं तंगूस धरून बसण्याची सर त्याला नाही. तंगूस पहिल्या बोटावरून जातं, अंगठ्याने हलकंच धरायचं, ताण इतकाच की खालचं शिसं जाणवत राहील. मग थोड्या वेळाने नाडी बघितल्यासारखं सगळं बोटात यायला लागतं. शिसं वाळूवर आहे की दगडावर ते कळतं. आमिषाला बारीक मासे टोचतायत ते कळतं, टुक टुक टुक, त्यात वजन नसतं. काळुंदर (खाडीतला चपटा मासा) असेल तर ते पण बारीकच पण नेमकं, तोंड छोटं असतं त्याचं, कणीक किंवा काडू (गांडूळ) कडेने खात खात संपवतं आणि गरी रिकामी वर येते, त्याच्यासाठी गरी अगदी लहान लागते. कुर्लीने (खेकड्याने) पकडलं तर झटका नाही, नुसतं जड होतं आणि हळूहळू बाजूला सरकायला लागतं. शेंगटी (मिशावाला काटेरी मासा) आली की गिळून चालायला लागते, ती वर काढताना जपून, तिच्या पाठीचा आणि कल्ल्यांमागचा काटा लागला तर हात सुजतो आणि रात्रभर ठणकतो.

आणि तांबोशी. तांबोशी विचारत नाही. सगळं गप्प असतं, बारीक मासे पण टोचायचे थांबलेले असतात (हे थांबणं ज्याला ओळखता येतं तो खरा गरवणारा) आणि एकदम तंगूस बोटातून सरसरत जातं, कारण आमिष तोंडात घेतल्याक्षणी ती आपल्या बिळाकडे, दगडाकडे, मुळांकडे पळत सुटते. तिथपर्यंत पोचली की संपलं, दगडावर घासून तंगूस तुटणार. म्हणजे तुमच्याकडे दोन-तीन सेकंद. गोबरा, ज्याला मुंबईत हेकरू म्हणतात, तो तर कपारीत शिरून कल्ले फुगवून बसतो, कितीही ओढा हलत नाही, तेव्हा तंगूस उलट सैल सोडायचं आणि वाट बघायची, त्याला वाटतं संकट टळलं आणि तो आपणहून बाहेर येतो, मग ओढायचं. हे मला काकांनी शिकवलं. एरवी कमी बोलणारा माणूस, घरात दिवसभरात चार वाक्यं, पण खाडीवर शेजारी बसून माझ्या तंगुसाला स्वतःचं एक बोट लावून हळू आवाजात सांगत राहायचे, "वडू नको... तो खेळता हा, खेळांदी तेका... खेळांदी... हां, आता वड!" (ओढू नको, खेळू दे त्याला, हां, आता ओढ.) माझ्या बोटात काय चाललंय ते त्यांना त्यांच्या बोटात कळायचं. मला नाही वाटत आम्ही दुसऱ्या कुठल्या ठिकाणी इतके जवळ बसलो असू.

लोक म्हणतात हा जुगारच आहे, कधी लागेल माहीत नाही म्हणून माणूस उठत नाही. त्यात तथ्य आहे. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दाणा किती वेळा टोचल्यावर मिळेल याचा नेम नसला की कबुतर टोचतच राहतं. "अजून एकदा टाकतो आणि निघतो" हे वाक्य दर संध्याकाळी प्रत्येक जेटीवर ऐकू येतं ते त्यामुळेच. पण जुगार म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं, कारण पत्त्यांत हरलात तर त्याला कारण नसतं आणि खाडीत मासा लागला नाही तर त्याला कारण असतं. पाणी उतरायला लागलं होतं, वारा फिरला होता, कोळंबी मेलेली होती, वरच्या अंगाला कोणीतरी पाग (फेकायचं जाळं) टाकला होता. परत येताना सगळी चर्चा हीच असते, आणि पुढच्या वेळी त्यातलं काहीतरी कामी येतं. रिकाम्या हाताने घरी येणारा माणूस सुद्धा काहीतरी शिकून आलेला असतो, हे घरच्यांना पटवणं मात्र अवघड आहे.

बरं, ही माणसं एकत्र येतात ती पण बघण्यासारखी. खडकावर रिक्षावाला असतो, बँकेतून रिटायर झालेले साहेब असतात, बारावीतली पोरं असतात, आणि कोणी कोणाला तू काय करतोस विचारत नाही. आमच्याकडे एकच प्रश्न, "काय गावलां?" (काय मिळालं?) कोणाची गरी तुटली तर शेजारचा आपल्या डबीतली देतो. कोणाला मोठा लागला तर आजूबाजूचे आपापली तंगुसं गुंडाळून घेतात, गुंता होऊ नये म्हणून, न सांगता. बायका मात्र इथे कमी दिसतात आणि मला ते खटकतं, कारण ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या) काढायला गुडघाभर चिखलात उतरणाऱ्या बायकांना खाडी जितकी कळते तितकी आम्हाला कळत नाही. माझी आत्या लग्नाआधी व्हाळात (ओढ्यात) बांबूची काठी घेऊन काळुंदरं काढायची, अजून तिला जागा पाठ आहेत.

ही ओढ किती जुनी आहे बघा. जपानच्या ओकिनावा बेटावर साकितारी नावाच्या गुहेत शिंपल्यापासून घासून बनवलेले गळ सापडलेत, सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. ज्यांनी ते घासले त्यांना पोट भरायचं होतं हे नक्कीच. पण दोरी पाण्यात सोडून बसलेला तो माणूस आणि खडकावर बसलेला आमचा रिक्षावाला, दोघांनाही खाली काय आहे ते दिसत नव्हतं आणि दोघांच्याही हाताला ते कळणार होतं.

गळ नसला तरी ही ओढ असतेच. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, तिथले मासे देवाचे म्हणून कोणी पकडत नाही. लोक लांबून जातात, चुरमुरे टाकतात, आणि काळ्याशार डोहातून मोठाले महाशीर वर येतात तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा लहान पोरांसारखी ओरडतात. मी गेलो होतो तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं आणि मला काही कमी वाटलं नाही.

म्हणून ज्याचं गरवण्यावर खरंच प्रेम आहे त्याने काही गोष्टी पाळाव्यात असं मला मनापासून वाटतं. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात ते अंडी घालायला. पोटात गाबोळी असलेले ते मासे पोती भरभरून काढायचे आणि मग ऑगस्टमध्ये व्हाळात मासाच राहिला नाही म्हणायचं, हे बंद व्हायला हवं. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्रात बंदी असते, आपल्या ओढ्यावरची बंदी मात्र आपणच घालायची. काळुंदराची जोडी उथळ पाण्यात पिल्लांभोवती फिरताना दिसते, नर-मादी दोघंही राखण करतात, तिथे गरी टाकू नये. जिताडा (खाडीतला मोठा होणारा मासा) लहान असेल तर सोडावा, कारण तो जन्मतः नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे छोटे सगळे खाल्ले तर अंडी घालणारं कोणी उरणारच नाही. आणि तुटलेलं तंगूस पाण्यात किंवा खडकावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायाला गुंडाळलं जातं, कासवांना अडकतं, कुजत नाही ते. खिशात घाला, घरी आणून टाका.

कोणाला नव्याने सुरू करायचं असेल तर महागडा रॉड घेऊन सुरुवात करू नका. रिकाम्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, दोन-तीन मापांच्या गऱ्या, थोडं शिसं, आणि मिळाली तर जिवंत कोळंबी, एवढं बस आहे. पंचमी-षष्ठीच्या दुपारी, भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचा, तुमच्या गावच्या एखाद्या गरवणाऱ्याच्या शेजारी विचारून बसा, ते नाही म्हणत नाहीत. पोरांना नेलंत तर जेटीच्या कडेपासून आत बसवा, शेंगटीला हात लावू देऊ नका, आणि पहिल्या बोटाला चिकटपट्टीचे दोन वेढे मारा, तांबोशी लागली तर तंगूस कातडी कापतं.