कबुतराच्या पायाला बांधलेले नेटवर्क

संगणकाच्या क्षेत्रातले उत्तम विनोद बहुतेक वेळा तांत्रिक दस्तऐवजाच्या वेशात येतात आणि ते समजण्यासाठी तो विषय नीट आलेला असावा लागतो, म्हणून नेटवर्किंग शिकवायला लागल्यापासून मला या विनोदांविषयी विशेष आपुलकी वाटते. इंटरनेट ज्या नियमांवर चालते ते नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिलेले असतात. त्यांतला पहिला दस्तऐवज स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी लिहिला आणि आज या मालिकेने नऊ हजारांचा आकडा ओलांडला आहे. याच मालिकेत, त्याच क्रमांकांच्या ओळीत आणि त्याच कोरड्या मांडणीत, १ एप्रिल ही तारीख असलेले काही दस्तऐवज आहेत. आमच्या पदविका अभ्यासक्रमात त्यांचा कोठेही उल्लेख नाही, आणि तो असायला हवा असे माझे ठाम मत आहे.

त्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे आरएफसी ११४९. डेव्हिड वेट्झमन यांनी तो १९९० साली लिहिला. कोल्हापुरात तो शिकवण्याचे एक वेगळे सुख आहे, कारण त्यात इंटरनेटची पाकिटे, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे, कबुतरांकरवी पाठवण्याची पद्धत सांगितली आहे आणि आमच्या पेठांत आजही घराघरांच्या गच्चीवर ढाबळी आहेत. पाकिटातली माहिती कागदाच्या छोट्या गुंडाळीवर हेक्साडेसिमल (सोळा चिन्हांच्या) आकड्यांत छापायची, ती गुंडाळी कबुतराच्या एका पायाभोवती बसवायची, चिकटपट्टीने तिच्या कडा पक्क्या करायच्या आणि कबूतर मुक्कामी पोहोचले की पट्टी सोडवून कागद स्कॅन करायचा, अशी ती रीतसर पद्धत आहे. एका पाकिटाची कमाल मर्यादा साधारणपणे २५६ मिलिग्रॅम असते आणि वाहकाचे वय वाढेल तशी ती वाढते, असेही त्यात नोंदवले आहे. वाहकांमध्ये टक्कर टाळण्याची व्यवस्था उपजतच असते, 'वर्म' (इंग्रजीत अळी, आणि संगणकांत आपोआप पसरणारा घातक प्रोग्रामही) शोधून नष्ट करण्याची सोयही अंगभूत असते, आणि वाहतुकीची तपासणीयोग्य नोंद (म्हणजे पक्ष्यांची विष्ठा) आपोआप तयार होऊन केबलच्या ट्रेवर पडलेली आढळते. हे वाचताना वर्गात हशा पिकतो. पण कोण कोठे हसला यावरून कोणाला काय समजले आहे ते मला लेखी परीक्षेपेक्षा अधिक स्पष्ट कळते. 'ब्रॉडकास्टची (एकच निरोप सर्वांना पाठवण्याची) तरतूद नाही, मात्र वादळामुळे माहिती गहाळ होऊ शकते' अशा आशयाच्या वाक्याला हसण्यासाठी स्विच या संगणक जोडणाऱ्या यंत्रांच्या जाळ्यात ब्रॉडकास्टचे वादळ कसे उठते आणि ते सगळे नेटवर्क कसे आडवे करते, हे आधी माहीत असावे लागते. ज्याला ते माहीत नाही तो शेजाऱ्याकडे पाहून हसतो, आणि मग आम्ही तेथेच थांबून तो भाग पुन्हा शिकतो.

या दस्तऐवजाची पुढची हकिगत तर मला अधिकच मोलाची वाटते. २८ एप्रिल २००१ रोजी नॉर्वेतल्या बर्गन शहरातील लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या गटाने ही पद्धत खरोखर वापरून पाहिली. त्यांनी नऊ पाकिटे पाठवली आणि चारांना उत्तरे आली. एकेक उत्तर यायला सुमारे चौपन्न मिनिटांपासून पावणेदोन तासांहून थोडा अधिक वेळ लागला आणि निम्म्याहून अधिक पाकिटे वाटेतच राहिली. पाकिटाला उत्तर यायला किती वेळ लागतो ते आपण रोज ज्या पिंग आदेशाने मिलिसेकंदांत मोजतो त्याच आदेशाच्या त्याच छापाच्या अहवालात हे आकडे उमटलेले पाहिले की विद्यार्थ्यांना एक गोष्ट पक्की उमगते: आयपी या पाकिटे पत्त्यावर पोहोचवण्याच्या नियमावलीला खाली तांबे आहे, काच आहे की पिसे आहेत याच्याशी काहीही कर्तव्य नाही. नेटवर्कचे काम एकमेकांवरच्या स्वतंत्र थरांत वाटण्याची रचना म्हणजे नेमके काय, हे सांगण्यासाठी मी फळ्यावर सात थरांची चित्रे पुष्कळ काढली आहेत. बर्गनच्या कबुतरांइतके काम त्यांतल्या एकाही चित्राने केले नाही.

येथून पुढचा टप्पा आहे क्षमता (ठरावीक वेळात किती माहिती जाते) आणि विलंब (एक निरोप पोहोचायला किती वेळ लागतो) यांतील फरकाचा, आणि तो मी नेहमी सावकाश घेतो, कारण नव्या मोबाईल नेटवर्कच्या बातम्या लिहिणारेही या दोहोंची वारंवार गल्लत करतात. २००९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीने विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला चार गिगाबाइटचे कार्ड बांधून त्याला सुमारे ऐंशी किलोमीटर उडवले. कार्डावरची माहिती उतरवून घेण्याचा वेळ धरून सारे काम दोन तास सात मिनिटांच्या आत आटोपले आणि तेवढ्या अवधीत तेथल्या एडीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेट जोडणीवरून तीच माहिती जेमतेम चार टक्के गेली होती. आता हाच हिशेब आपल्या भागासाठी मांडून पाहू. मायक्रो एसडी कार्डाचे वजन पाव ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे १९९० च्या विनोदातली मर्यादा जवळजवळ तंतोतंत एका कार्डाची निघते. एक टेराबाइटचे असे कार्ड घेऊन कबूतर कोल्हापूरहून मिरजेला एका तासात पोहोचले, तर माहिती सेकंदाला दोन गिगाबिटपेक्षा अधिक वेगाने गेली असा अर्थ होतो. घरोघरी असलेल्या फायबर जोडण्यांपैकी बहुतेकांना हे जमणारे नाही. मात्र त्याच कबुतराकरवी कोणी व्हिडिओ कॉल करू पाहील, तर 'हॅलो'ला उत्तर यायला परतीचा प्रवास धरून दोन तास लागतील. क्षमता प्रचंड आणि विलंबही प्रचंड, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

ज्यांना हे निव्वळ कल्पनारंजन वाटते त्यांच्यासाठी मी कृष्णविवराच्या पहिल्या छायाचित्राचे उदाहरण देतो. १० एप्रिल २०१९ रोजी ते जगासमोर आले. त्यासाठी २०१७ च्या एप्रिल महिन्यात जगभरच्या दुर्बिणींनी गोळा केलेली माहिती इतकी अफाट होती की ती इंटरनेटवरून पाठवण्याचा विचार व्यवहार्य नव्हता. हार्ड डिस्कच्या पेट्या विमानाने नेण्यात आल्या, आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तेथला हिवाळा सरून विमाने पुन्हा उडू लागेपर्यंत तेथेच थांबून होत्या. गेल्या दशकातले एक अत्यंत मोठे वैज्ञानिक यश, तत्त्वतः पाहिले तर, कबुतराच्याच मार्गाने पूर्ण झाले आहे.

कबुतरांचा हा विषय आपल्या देशाला मुळीच परका नाही. ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून संदेशवाहक कबुतरांचे दल पाळले. १९८२ च्या पुरात आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात, संपर्काची इतर साधने कोलमडलेली असताना, या पक्ष्यांनी निरोप पोहोचवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी चढले आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला, ते दिवस आठवणाऱ्या कोल्हापूरकराला या माहितीचे वजन समजावून सांगावे लागत नाही. नेटवर्कवर भरवसा किती ठेवायचा आणि ते नसताना काय करायचे, हा आपल्याकडे अत्यंत व्यवहाराचा प्रश्न आहे.

दुसरा दस्तऐवज चहाच्या किटलीचा. १ एप्रिल १९९८ रोजी लॅरी मासिंटर यांनी कॉफीची भांडी इंटरनेटवरून चालवण्याची नियमावली लिहिली, तिचा क्रमांक २३२४. कोणी चहाच्या किटलीला कॉफी करण्याची आज्ञा दिलीच, तर किटलीने '४१८, मी चहाची किटली आहे' असे उत्तर द्यावे, अशी तीत तरतूद आहे. वेबच्या एचटीटीपी या नियमावलीला जो तो वाटेल तशी ठिगळे लावत सुटला होता. त्या प्रवृत्तीवर ही टीका होती आणि ती टीका म्हणूनच वाचली पाहिजे. पुढे अनेक प्रोग्रामरांनी हा क्रमांक आपापल्या प्रणालींत हौसेने घातला. २०१७ साली तो काढून टाकावा असा प्रस्ताव आला, तेव्हा एका पंधरा वर्षांच्या मुलाने तो वाचवण्याची मोहीम चालवली आणि क्रमांक टिकला. २०२२ च्या अधिकृत नियमावलीत, म्हणजे आरएफसी ९११० मध्ये, ४१८ हा क्रमांक राखून ठेवला आहे आणि सध्या तो दुसऱ्या कोणत्याही कामासाठी देता येत नाही. इंटरनेटच्या नियमांत एक जागा विनोदासाठी कायदेशीररीत्या अडवून ठेवलेली आहे, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

तिसरा, २००३ चा आरएफसी ३५१४, स्टीव्हन बेलोव्हिन यांचा. ज्या पाकिटामागचा हेतू वाईट असेल त्याने आपल्या शीर्षातला (पत्ता वगैरे असलेल्या सुरुवातीच्या भागातला) एक बिट, म्हणजे ० किंवा १ अशी एक खूण, चालू करून पाठवावा, म्हणजे फायरवॉल या नेटवर्कच्या पहारेकऱ्याला ते सहज अडवता येईल, इतकीच त्यातली सूचना. 'डिजिटल अरेस्ट'च्या फोनवरून लोकांची आयुष्यभराची पुंजी लुटली जात असताना 'संशयास्पद फोन घेऊ नका' एवढाच सल्ला जेव्हा दिला जातो, तेव्हा मला हा दस्तऐवज आठवतो. चोर स्वतःची ओळख चोर म्हणून देईल, अशा अपेक्षेवर उभी असलेली प्रत्येक सुरक्षाव्यवस्था या एका बिटाशी ताडून पाहावी.

हे सांगताना मला एक भेद स्पष्ट करावासा वाटतो. मोठ्या कंपन्यांनी पुढे १ एप्रिलला जे प्रकार सुरू केले, त्यांना मी या परंपरेत धरत नाही. गुगलने २००४ साली याच तारखेला जीमेल आणले आणि एक गिगाबाइट जागा फुकट मिळणार ही बातमी अनेकांनी थट्टा समजून सोडून दिली, हा योग गमतीचा होता. पण २०१६ साली त्याच जीमेलमध्ये एक गमतीचे बटण पाठवण्याच्या नेहमीच्या बटणाशेजारी ठेवले गेले, लोकांच्या हातून कामाच्या पत्रांत नको ती चित्रे गेली आणि काही तासांतच ते मागे घ्यावे लागले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टच्या विपणनप्रमुखांनी आपल्या कर्मचाऱ्यांना असे विनोद करू नका म्हणून लेखी कळवले, ते योग्यच झाले. वेट्झमन यांच्या कबुतराने कोणाचे पत्र बिघडवले नव्हते. नवख्याला 'ही आज्ञा चालव, संगणक वेगवान होईल' असे सांगून त्याची सगळी डिस्क पुसायला लावण्याचा जो प्रकार काही मुले थट्टा म्हणून करतात, तो तर माझ्या लेखी विनोदच नव्हे. अज्ञानी माणसाच्या विश्वासावर केलेला तो घाव आहे आणि आमच्या प्रयोगशाळेत त्याला जागा नाही.

विनोदाला संदर्भ लागतो, याचा मोठा पुरावा २०२४ च्या मे महिन्यात मिळाला. पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून त्यात थोडा डिंक मिसळावा, असा सल्ला गुगलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने दिला आणि तो अकरा वर्षांपूर्वी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर कोणीतरी केलेल्या थट्टेतून आल्याचे वाचकांनी शोधून काढले. त्या थट्टेवर ना तारीख वाचली गेली ना बोलणाऱ्याचा सूर ओळखला गेला. आरएफसीतल्या विनोदांवर लेखकाचे नाव असते, तारीख असते आणि मूळ प्रत कायमची जपलेली असते; म्हणून तीन दशकांनंतरही ते विनोद म्हणूनच वाचता येतात. यंत्रांना वाचायला देण्यासाठी आपण जे लिहून ठेवतो आहोत, त्यात हे संदर्भ टिकवणे मला फार गरजेचे वाटते, आणि मराठीत तर विशेषच, कारण मराठीतली तांत्रिक थट्टा बहुतांशी व्हॉट्सॲपवरून नावाशिवाय आणि तारखेशिवाय फिरते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना अशा पद्धतीचा एक दस्तऐवज मराठीत लिहायला सांगितला आहे. विषय त्यांनी कबुतरांचाच निवडला: कोल्हापूर ते मिरज, दोन्ही टोकांना ढाबळी. पहिल्याच बैठकीत मंगळवार पेठेतल्या एका मुलाने, ज्याच्या घरी पिढीजात कबुतरे आहेत, आराखड्यातली मूलभूत चूक दाखवून दिली. "सर, आमची कबुतरं मिरजंला जाणारच न्हाईत. ती उंच चढत्यात आणि दिवसभर घरावरच फिरत्यात. तुमाला होमर लागतील." स्पर्धेत तासन्‌तास आकाशात राहणारी कबुतरे वेगळी आणि लांबून घराकडे परतणारी, म्हणजे होमर, वेगळी, हे इतर मुलांना ठाऊक नव्हते. शिवाय होमर केवळ आपल्याच ढाबळीकडे परततो, म्हणून कोल्हापूरहून मिरजेला पाकीट धाडायचे तर मिरजेचे पक्षी आधी कोल्हापुरात आणून ठेवावे लागतात. ते एसटीने आणायचे की दुचाकीवर पेटी बांधून, आणि त्या फेरीचा वेळ विलंबात धरायचा की नाही, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. माझ्या मते तो धरला पाहिजे. पोच देणारे कबूतर हरवल्यास पाकीट पुन्हा पाठवण्यापूर्वी किती वेळ थांबायचे, हे कलम अजून लिहायचे राहिले आहे; मंगळवार पेठेतला मुलगा म्हणतो की सूर्यास्तापर्यंत थांबावे, कारण अंधार पडल्यावर कबूतर उडत नाही, आणि मसुद्यात सध्या तेच ठेवले आहे.