सहीचा सराव

सोमवार, रात्री

शेवटचं प्रकरण आज उडवलं. नऊ पानं. अख्ख्या कादंबरीत सगळ्यांत गोड उतरलेलं प्रकरण तेच होतं. रेवा चित्रकलेचं बक्षीस घेऊन घरी येते, आई उठून बसते, केस विंचरते, दोघी गच्चीवर जातात. लिहिताना मलाच भरून आलं होतं. खरं तर तिथेच संशय यायला हवा होता.

रेवा बारा वर्षांची. तिची आई महिनोन्‌महिने अंथरुणातून उठत नाही. ताप नाही, खोकला नाही, कुठे काही दुखतखुपत नाही. वडील कामासाठी बाहेर, फोनवर 'आईला त्रास देऊ नकोस' एवढंच सांगतात. सहा वर्षांचा धाकटा भाऊ आहे. दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी लिहितेय.

चुकलं काय ते लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच लिहीन. वाचणाऱ्यांत एखादी खरीच अशा घरातली असणार. ती शेवटचं पान मिटेल आणि हिशोब मांडेल. रेवाला बक्षीस मिळालं, तिची आई उठली. माझी उठत नाही, म्हणजे माझंच काहीतरी कमी पडतंय. मुलं असा हिशोब मांडतातच. घरात काहीही बिघडलं की आधी स्वतःच्या खात्यावर टाकतात. आई भांडली, मी पसारा केला म्हणून. बाबा निघून गेले, मी हट्ट केला म्हणून. मी आशा म्हणून लिहिलेली नऊ पानं त्या मुलीच्या नावावर थकबाकी म्हणून चढली असती.

मंगळवार

संपादकबाईंचा फोन. नवा शेवट म्हणजे शेवट नसणं, हे त्यांना पटलेलं नाही. "मुलांना आशा द्यायला हवी हो. आणि पुस्तक आधी पालक चाळतात, ते घाबरतात." यात खोटं काही नाही. बारा वर्षांच्या वाचकाच्या हातात पुस्तक पोचेपर्यंत ते तीन मोठ्या माणसांच्या हातून जातं, आणि त्या तिघांनाही आपण चांगले पालक, चांगले शिक्षक आहोत असं वाटत राहायला हवं असतं.

त्यांना तिसऱ्या प्रकरणातली उघडी खिडकी फार आवडली आहे. आईच्या अंथरुणावर सकाळचा उजेड पडतो ती. "ती मात्र काढू नका." मलाही आवडते. नाही काढणार.

बुधवार

मोठ्यांचं हे घाबरणं काही आजचं नाही. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना उपासमारीपायी जंगलात सोडून यायचं नवऱ्याच्या गळी उतरवणारी बाईही आधी आईच होती, १८४० साली सावत्र झाली. सख्खी आई असं वागते हे छापायला जड गेलं असावं. गुन्हा तसाच ठेवला, नातं तेवढं बदललं. सावत्र आयांच्या माथी आणखी दोन आळ आले.

हसत होते खरी, पण मी तरी काय वेगळं केलंय? रेवाच्या वडिलांना मी फोनमध्ये कोंडून ठेवलंय. घरात आणलं असतं तर त्यांना काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि ते बोलले असते ते वाचून कुणाचे तरी बाबा दुखावले असते. मुलांना जपतोय असं म्हणत मी दोनशे पानं मोठ्यांनाच जपत बसलेय.

वडिलांना घरी आणते. एका रात्रीपुरते. दारात उभे राहून ते विचारतील, "अजून झोपूनच आहे?" बास. 'अजून' या शब्दात सगळं आलं.

गुरुवार

सहीचं प्रकरण पुन्हा वाचलं. याला हात लावायचा नाही.

रेवा आईची सही करायला शिकते. प्रगतिपुस्तक तीन दिवस दप्तरात पडून आहे, बाई रोज विचारतात. आधी ती खऱ्या सहीवर पातळ कागद ठेवून गिरवते. मग वहीच्या शेवटच्या पानावर, ओळीने. पहिल्या वीस-पंचवीस सह्या फार नीट येतात, आणि खोट्या दिसतात त्या नीटपणामुळेच. तिच्या लक्षात येतं की आई सही करताना अक्षरं काढतच नाही, मनगट एकदा फिरवते आणि शेवटी पेन उचलायच्या आत रेघ मागे ओढते. ती मागे आलेली रेघ जमली की झालं. जमते. आणि जमल्याचा तिला आनंद होतो. खराखुरा, उड्या मारण्याएवढा आनंद. मग तिला कळत नाही की हे सांगायचं कुणाला.

एका मैत्रिणीने हे वाचून विचारलं, "आनंद कसा होईल गं? बिचारी रडेल ना." नाही रडत. मला माहीत आहे, कारण ती सही मी केलेली आहे. दोन वर्षं करत होते. सहलीचं संमतिपत्र, गैरहजेरीची चिठ्ठी, सगळं. त्या वयात आपण काहीतरी अवघड काम पटकन शिकलो याचा अभिमानच वाटतो. बिचारी ही मोठ्यांची भाषा. मुलांसाठी लिहिताना 'बिचारी' हा शब्द मनात आला की पेन खाली ठेवायचं, असं मी ठरवलंय. (पाळते असं नाही.)

शुक्रवार

'नैराश्य' हा शब्द पुस्तकात आणायचा की नाही, यावर दोन महिने अडले होते. रेवाकडे तो नाही. ती 'आईचा बंद दिवस' म्हणते. पण पुस्तक संपेपर्यंत वाचणाऱ्या मुलीकडे तो शब्द नसला, तर ती मदत मागणार कशी? कुणाला जाऊन सांगणार, की आमच्या आईचा बंद दिवस आहे?

तर तो शब्द वर्गातल्या बाई म्हणतात. पहिल्या खर्ड्यात त्यांनी सव्वा पान भाषण दिलं होतं. हा आजार असतो, त्यावर उपचार असतात, वगैरे. सगळं बरोबर, आणि वाचताना जांभई येईल असं. आता त्या सहीवर बोट ठेवतात, थोडा वेळ गप्प राहतात आणि विचारतात, "किती दिवस झाले?" आजाराचं नाव पुढच्या भेटीत, जाता जाता. आणि एक वाक्य ठेवलंय, तेवढंच: "हे तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि तुझ्याने बरंही होणार नाही. त्याला मोठी माणसं लागतात." यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. 'तुझी चूक नाही' हे मुलांना पुष्कळ जण सांगतात. 'हे तुझं कामही नाही' हे कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट केली. आईच्या उशाशी गोळ्यांची बाटली होती, आणि रेवा गोळ्या मोजते असं मी लिहिलं होतं, आकड्यासकट. आकडा काढला, गोळ्यांचं नाव काढलं, शेवटी बाटलीच काढली. आत्महत्येबद्दल लिहिताना पद्धतीचे तपशील देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. माझ्या गोष्टीत तसं काही घडत नाही. पण एखाद्या वाचकाचं मन तिकडे जाऊ शकतं, आणि त्याला रस्ता मी का दाखवायचा? रेवाला भीती वाटते, हे तिने शाळेतून धावत घरी येण्यातून कळतं. तेवढं पुरे.

शनिवार

दिवस वाया. प्रथमपुरुषी करून पाहिलं, परत फिरवलं. भूतकाळ मात्र कायम. 'तेव्हा मी सहावीत होते' असं म्हटलं की सांगणारी त्यातून बाहेर पडली आहे हे वाचकाला पहिल्याच ओळीत कळतं, न सांगता. संपादकबाईंना हवी ती आशा इथे आहे म्हणा. क्रियापदात. म्हणजे परत प्रथमपुरुषीच करायला हवं. उद्या.

संध्याकाळी रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन बालसाहित्य-अभ्यासक बाईंचा १९९० चा लेख काढून वाचला. पुस्तकं मुलांसाठी खिडक्या असतात, दुसऱ्याचं जग दाखवणाऱ्या, आणि उजेड जुळून आला की तीच खिडकी आरसा होते, असं त्यांनी म्हटलंय. त्या बोलत होत्या ज्यांना पुस्तकात आपला चेहराच सापडत नाही अशा, मुख्यतः कृष्णवर्णीय मुलांबद्दल. पण बंद दारामागच्या घरांतल्या मुलांचंही तेच. शेजारच्याच बाकावर अशीच दुसरी बसलेली असते, आणि दोघींनाही वाटतं की हे फक्त आपल्याच घरात आहे.

रविवार, रात्री

आईचा फोन. आता बरीच वर्षं बरी आहे. तिला हे वाचायला द्यायचं का, हा प्रश्न मी वर्षभर टाळतेय. म्हटलं तर ही तिचीही गोष्ट आहे, आणि तिला विचारलेलं नाही.

"काय लिहितेयस सध्या?"

"एका मुलीवर आहे. शाळेतल्या."

"आई काय करते तिची?"

हे असं थेट येईल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "झोपून असते."

बराच वेळ काही नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी 'हॅलो' म्हणणार, तेवढ्यात म्हणाली, "पडदा आहे ना गं त्या खोलीला? सकाळी उजेड अंगावर आला की फार नको व्हायचं. तुम्ही दोघं उठून खिडकी उघडायचात, आईला बरं वाटेल म्हणून. मला सांगवत नसे."

मग गुडघ्याचं सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ते सांगितलं, आणि फोन ठेवला.

तिसरं प्रकरण काढून बसलेय. खिडकी राहू दे. रेवा ती उघडते, आई भिंतीकडे तोंड करते. पडदा कोण ओढतं, ते अजून ठरत नाहीये.