पाइप लहान, आकडा मोठा

गेल्या महिन्यात एका बुधवारी, नुकती जेवून जागेवर बसले होते, तेव्हा टीममधल्या नव्या मुलाचा पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, माझ्याकडे रिव्ह्यूला आला. आमच्या पाइप बेंचमार्कमध्ये, म्हणजे पाइपचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुधारणा. शंभरएक ओळी, नीट लिहिलेल्या, कमिट मेसेजही मुद्देसूद. खाली लॅबच्या मशीनवरचा निकाल जोडलेला: थ्रूपुट (सेकंदाला किती डेटा जातो तो आकडा) जवळजवळ दुप्पट. मी डिफ उघडेपर्यंत त्यावर तीन अंगठे पडले होते आणि मॅनेजरने लिहून ठेवलं होतं, "मस्त! तिमाही आढाव्यात घेऊ या."

कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, एक ओळ बदललेली नव्हती. मशीन तेच, प्रोसेसर तोच. बदलला होता तो फक्त मोजणारा प्रोग्रॅम. मग दुप्पट कशाचं झालं, हा प्रश्न त्या तीन अंगठेवाल्यांपैकी एकालाही पडला नाही, याचा राग मला अजून आहे. आकडा पडला की आमच्याकडे चौकशी बसते. आकडा चढला की पेढे.

टर्मिनलवर दोन कमांडच्या मध्ये आपण उभी रेघ मारतो, तो पाइप. एका प्रोग्रॅमचं बोलणं थेट दुसऱ्याच्या कानात. प्रोग्रॅम बागेतल्या नळीसारखे एकमेकांना जोडता यावेत, असं डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये लिहून ठेवलं होतं. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ते युनिक्समध्ये प्रत्यक्षात आणलं. लिनक्समध्ये ही नळी म्हणजे कर्नलने सांभाळलेली १६ पानं, प्रत्येक पान ४ केबीचं, म्हणजे एकूण ६५,५३६ बाइट. (२.६.११ या कर्नलच्या आधी एकच पान असायचं.) नळी भरली की लिहिणारा झोपतो, रिकामी झाली की वाचणारा झोपतो. प्रत्येक बाइटची नक्कल दोनदा होते: एकदा लिहिणाऱ्याच्या मेमरीतून कर्नलमध्ये, एकदा कर्नलमधून वाचणाऱ्याच्या मेमरीत.

ऐकायला सोपं वाटतं, पण पाइप 'किती वेगवान' हे एका आकड्यात सांगता येत नाही, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. लिहिणारा आणि वाचणारा या दोन्ही प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) प्रोसेसरच्या एकाच कोअरवर बांधल्या तर आळीपाळीने चालतात. डेटा कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) गरम राहतो, पण एक झोपल्याशिवाय दुसरी उठत नाही. एकाच कोअरच्या दोन हायपरथ्रेडवर (एका कोअरचे दोन भासवलेले भाग) ठेवल्या तर कॅश सामायिक, पण कामाची साधनंही वाटून घ्यावी लागतात. वेगवेगळ्या कोअरवर ठेवल्या तर दोघी खरोखर एकाच वेळी चालतात, पण कॅशमधला प्रत्येक तुकडा (कॅशलाइन) इकडून तिकडे वाहून न्यावा लागतो. आणि वेगळ्या सॉकेटवर, म्हणजे दुसऱ्याच प्रोसेसर चिपवर, टाकल्या की तीच नळी जणू खोल चिखलातून जाते. यातलं काहीच न बांधता सोडून दिलं तर शेड्युलर (कुणी कुठे चालायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग) प्रत्येक वेळी मनाला येईल तिथे बसवतो, आणि तुम्ही पाइप मोजताय की शेड्युलरचा मूड, ते कळत नाही. म्हणून आमचा बेंचमार्क प्रोसेस कोअरला बांधून घेतो, प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवतो, टर्बो (आपोआप वेग वाढवणारी सोय) बंद करतो. यासाठी मी दोन वर्षं भांडले आहे. त्या भांडणांचा मला अभिमान आहे.

तर पॅच. त्यात पाच गोष्टी एकत्र होत्या. वेळ मोजायला आधीच्या घड्याळाऐवजी मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागे न जाणारं, घड्याळ. हे योग्यच, कारण वेळ दुरुस्त करणारी सेवा मध्येच काटा हलवू शकते. ब्लॉकचा, म्हणजे एका वेळी लिहायच्या-वाचायच्या डेटाचा, आकार ६४ केबीवरून १२८ केबी. पाइपची क्षमता वाढवून १ एमबी. ही सोय कर्नल २.६.३५ पासून आहे. लिहिण्याच्या बफरमध्ये (पाठवायचा डेटा ठेवलेल्या मेमरीत) आधी एक ठरावीक बाइट भरून घेणं. आणि वाचण्याच्या लूपची 'साफसफाई'.

मी पहिली कमेंट टाकली ती सवयीची: पाच बदल, पाच कमिट (स्वतंत्र नोंदी) करा. मग साफसफाईपाशी थांबले. जुन्या कोडमध्ये प्रत्येक रीडने (पाइपमधून वाचण्याच्या विनंतीने) परत केलेले बाइट मोजून बेरीज होत होती. नव्यात ठरावीक वेळा रीड करायचं आणि शेवटी रीडची संख्या गुणिले ब्लॉकचा आकार. दिसायला सुटसुटीत. पण रीडकडे तुम्ही १,३१,०७२ बाइट मागितले म्हणजे तेवढे मिळतीलच, असं वचन पाइपने कधीच कुणाला दिलेलं नाही. नळीत जे असेल ते मिळतं.

त्याला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, मी प्रिंट करून पाहिलं होतं. दर वेळी पुरे बाइट येतात."

"कुठे पाहिलंस?"

"माझ्या लॅपटॉपवर."

आम्ही दोघं लॅबच्या मशीनवर लॉगिन केलं आणि एस-ट्रेस (strace, प्रोग्रॅम कर्नलला करतो ती प्रत्येक विनंती छापणारं साधन) लावून प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. प्रत्येक रीडमध्ये मागणी १३१०७२, आणि बरोबरच्या चिन्हापुढे ६५५३६. पुन्हा ६५५३६. पुन्हा ६५५३६. तो पुढे झुकून वाचत होता, काहीच बोलला नाही. मी वर स्क्रोल केलं. सुरुवातीलाच पाइपची क्षमता वाढवण्याचा कॉल होता आणि त्याच्यापुढे उणे एक, परवानगी नाही. कोडमध्ये तो परतावा, म्हणजे कॉलला मिळालेलं उत्तर, कुणी तपासलेला नव्हता. साध्या युजरला किती मोठा पाइप करता येईल, याची मर्यादा एका कर्नल सेटिंगमध्ये असते. मुळात ती १०,४८,५७६ बाइट असते, त्याच्या लॅपटॉपवरही होती. लॅबच्या मशीनवर कुणीतरी, कधीतरी, कुठल्याशा चाचणीसाठी ती ६५,५३६ करून ठेवली होती आणि परत केली नव्हती. आमच्या लॅबमध्ये असं सामायिक मशीन सगळ्यांचं असतं, म्हणजे कुणाचंच नसतं.

लॅपटॉपवर पाइप मोठा झाला, पुरे बाइट मिळाले, आकडा जेमतेम वाढला. लॅबमध्ये पाइप लहानच राहिला, रीडमध्ये अर्धेच बाइट आले, आपण मोजले पूर्ण. पाइप लहान, म्हणून आकडा मोठा.

शेवटची ओळ बघून मात्र मला खरंच वाईट वाटलं. वाचणाऱ्याने आपले ठरलेले रीड संपवून पाइप बंद केला, तेव्हा लिहिणाऱ्याचा अर्धा माल हातातच होता. वाचायला कुणी उरलं नाही की कर्नल लिहिणाऱ्याला सिगपाइप सिग्नल पाठवतो. एस-ट्रेसमध्ये सरळ लिहून येत होतं की ती प्रोसेस सिगपाइपने मेली. प्रत्येक रनमध्ये मरत होती. तिला सुरू करणारी पालक प्रोसेस तिची वाट पाहायची, पण ती कशी संपली हे विचारायचीच नाही, आणि स्क्रीनवर सुंदर आकडा छापून मोकळी व्हायची. ते न विचारणं त्याच्या पॅचमधलं नव्हतं. ते पहिल्यापासून तसंच होतं. बेंचमार्क जेव्हा पहिल्यांदा आत घेतला तेव्हाच्या रिव्ह्यूवर नाव माझं आहे.

त्याने रात्रीतून पाच कमिट केले, बाइट खरे मोजले, परतावे तपासले. आम्ही मर्यादा पूर्ववत करून घेतली. गुरुवारी सकाळी पुन्हा चालवलं. माझा अंदाज होता, आकडा जुन्याइतका किंवा किंचित वर येईल. तो जुन्यापेक्षा खाली आला. थोडाच, पण वीस वेळा चालवला तरी खालीच.

तो घाबरला. "मॅडम, मी अजून काही बिघडवलं का?"

पाच कमिट वेगळे असण्याचा उपयोग इथे झाला. एकेक चढवत गेलो. घड्याळाने फरक नाही. ब्लॉकचा आकार आणि क्षमता यांनी फरक पडला, पण पडझड त्यांची नव्हती. आकडा पडत होता तो बफर भरून घेण्याच्या कमिटला. म्हणजे त्या एका ओळीला, जिच्याबद्दल मी बुधवारी लिहिणार होते की हिची गरज नाही, काढून टाक.

आमचा लिहिण्याचा बफर ग्लोबल ॲरे आहे, म्हणजे प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच राखून ठेवलेली जागा. त्यात कुणी कधी काही लिहिलं नाही, तर कर्नल त्याला खरी मेमरी देतच नाही. वाचायला गेलात की त्या १६ही पानांच्या जागी एकच, सगळ्यांना सामायिक असलेलं शून्यांचं पान दाखवतो. आम्ही जुना बेंचमार्क चालू ठेवून त्या प्रोसेसचा मेमरी नकाशा उघडला. आकार ६४ केबी, प्रत्यक्ष मेमरी जवळजवळ शून्य. ६४ केबी डेटा पाठवतोय असं आम्ही म्हणत होतो आणि तेच ४ केबी शून्य सोळा-सोळा वेळा ओतत होतो. ते पान पहिल्या पातळीच्या कॅशमधून हलायचंच नाही. खरा ६४ केबीचा बफर ३२ केबीच्या कॅशमध्ये मावत नाही, त्याला दुसऱ्या पातळीवर जावंच लागतं. चार वर्षांचे आमचे सगळे आकडे त्या शून्यांच्या पानावर उभे होते.

आमच्या गावी वजनमापं तपासायला निरीक्षक यायचे तेव्हा बाबा दुकानातली वजनं आदल्या रात्री स्वतः पुसून, ओळीने मांडून ठेवायचे. पारड्याखाली चिंच चिकटवणारे दुकानदार त्यांना ठाऊक होते. मापात पाप हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकत मोठी झाले. आमच्या पारड्याखाली कुणी मुद्दाम चिंच लावली नव्हती, पण गिऱ्हाइकाला त्याने काय फरक पडतो?

मुलाने एक प्रश्न विचारला, आणि तो चांगला होता. "सगळ्याच आकड्यांत तीच चूक आहे, तर तुलना खरीच राहते ना?" एकाच मशीनवर दोन कर्नल ताडून पाहिले असतील तर बरीचशी राहते. पण आम्ही त्याच आकड्यांवरून मशीनही निवडली आहेत. ज्या प्रोसेसरची दुसरी पातळी संथ, त्याला या बेंचमार्कने कधी तिथे जायलाच लावलं नाही. त्याला फुकटचे गुण मिळाले. त्यातलं एक मशीन आम्ही घेतलं, आज ते कामावर आहे. तो निर्णय चुकला असं मी म्हणू शकत नाही. बरोबर होता असंही आता म्हणता येत नाही.

मॅनेजरला सांगितलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "म्हणजे आलेखात घसरण दिसणार?" मी म्हटलं, दिसणार. त्यांनी सुचवलं, नव्या बेंचमार्कला नवं नाव देऊ, नवा आलेख सुरू करू, जुना तिथेच संपवू. ते वाईट माणूस नाहीत. वर त्यांनाही उत्तर द्यायचं असतं. पण नाव बदलून जुना आलेख शांतपणे पुरणं मला मान्य नव्हतं, आणि ते मी जरा मोठ्या आवाजात बोलले. शेवटी ठरलं की जुने कर्नल पुन्हा बसवून, जमतील तेवढे सगळे आकडे नव्याने काढायचे.

त्या मुलाच्या चुकीवरची कमेंट लिहायला मला दहा मिनिटं लागली होती. शून्यांच्या पानाबद्दलची, ज्यात मूळ रिव्ह्यू माझा होता हे लिहायचं होतं, ती सोमवारी पाठवली. चार दिवस ती ड्राफ्टमध्ये पडून होती. त्याने जर आकडा दुप्पट करून दाखवला नसता, नुसती बफर भरायची एक ओळ पाठवली असती, तर मी ती काढायला लावली असती आणि कारणही दिलं असतं. रात्री पडल्या पडल्या मी तेच कारण पुन्हा पुन्हा लिहून पाहते, आणि दर वेळी ते पटण्यासारखंच वाटतं.

पुन्हा मोजणी या आठवड्यात संपली. दोन पट्ट्या सोडून. ती मशीन मागच्या वर्षी भंगारात गेली. आलेखात त्या दोन पट्ट्या राखाडी करून ठेवल्या आहेत, आणि खाली त्या मुलाने स्वतःहून लिहिलंय: 'शून्य पानावर मोजलेले, पडताळता येत नाहीत.'