पंचवटीतून निघून राणीबागेत भेटलेला सीता अशोक

आमचं घर पंचवटीत, काळाराम मंदिरापासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे सीतागुंफा, रावण, अशोकवन हे सगळं लहानपणापासून घरातलंच असल्यासारखं. पण खरा अशोक कसा दिसतो हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं आणि आईला पासष्टाव्या वर्षी, आणि तेही मुंबईला जाऊन.

झालं असं की राणीबागेत माहितगार लोक झाडं दाखवत फिरवतात असं मला कळलं आणि मी आईला सहज विचारलं येतेस का, तर ती लगेच तयार. ती शाळेत शिक्षिका होती, सहली घेऊन राणीबागेत दोन-तीनदा गेलेली, पण तेव्हा सगळं लक्ष पोरांची डोकी मोजण्यात, हत्ती बघितला, डबे खाल्ले की परत बसमध्ये. झाडं बघायची राहूनच गेली म्हणाली. मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पंचवटी एक्स्प्रेसने कल्याण, डोंबिवलीला मावशीकडे मुक्काम आणि रविवारी सकाळी लोकलने भायखळा.

आत गेल्या गेल्या आधी जाणवतो तो गारवा. बाहेर पूल, हॉर्न, गर्दी आणि आत दीडशे-पावणेदोनशे वर्षांची सावली. दाखवणाऱ्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं की लोक हिला प्राणिसंग्रहालय म्हणून ओळखतात पण ही मुळात वनस्पती उद्यान, १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन्स नावाने उघडलेली, प्राणी नंतर आले. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. त्याआधीची बाग शिवडीला होती, ती जागा पुढे दफनभूमीला गेली. आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी प्राणिसंग्रहालय मोठं करायचा आराखडा आला तेव्हा झाडांचं काय होणार म्हणून मुंबईकरांनी, त्यातही काही बायकांनी चिकाटीने आवाज उठवला. हे ऐकून मला फार बरं वाटलं, खरंच. कुणीतरी झाडांची नावं माहीत असणारं असलं की भांडता येतं.

पेंग्विनकडे जाणारी गर्दी सोडून आम्ही डावीकडे वळलो. गोरखचिंच बघितली, आफ्रिकेतलं झाड, खोड म्हणजे हत्तीचा पायच, आत पाणी साठवून ठेवतं, फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं येतात. आईने खोडाला हात लावून नमस्कार केला, गोरखनाथांचं नाव आहे ना, आणि त्र्यंबकेश्वर आमच्याकडेच, निवृत्तीनाथांना गहिनीनाथांचा उपदेश मिळाला तो ब्रह्मगिरीवर, नाथांचा विषय निघाला की ती थांबतेच.

मग कैलासपती. हे झाड आपल्याकडे महादेवाच्या देवळाजवळ असतंच, फूल उघडून बघितलं की आत पिंड आणि वर नागाचा फणा. मॅडम म्हणाल्या, काकू हे झाड दक्षिण अमेरिकेतलं आहे. आईला पटेना. मग त्यांनी खाली पडलेलं फूल उचलून आमच्या हातावर ठेवलं आणि दाखवलं की खालच्या कड्यातले पुंकेसर बीज धरायच्या कामाचे, आणि फण्यावरचे पराग नुसते मधमाश्यांना खायला ठेवलेले. म्हणजे एकाच फुलात एकीकडे संसार आणि दुसरीकडे पाहुण्यांची पंगत. आईने ते फूल रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं.

आणि मग तो अशोक. मॅडमनी विचारलं अशोकाचं झाड कुणी बघितलंय, तर आम्ही सगळ्यांनीच हात वर केले, सोसायटीच्या कंपाउंडला लागून जे उंच सरळसोट लावतात तेच की. त्या म्हणाल्या, तो आसुपालव, त्याला लोक हिरवा अशोक म्हणतात पण तो सीताफळाच्या कुळातला. खरा हा, सीता अशोक. असं म्हणून त्यांनी बोट दाखवलं ते एका बुटक्या, डेरेदार, दाट झाडाकडे, आणि फांद्यांवरच, अगदी जुन्या जाड लाकडावरसुद्धा, केशरी फुलांचे गेंद चिकटलेले. जवळ जाऊन बघितलं तर काही फुलं पिवळसर, काही केशरी, काही लाल झालेली, कारण फूल जुनं होत जाईल तसा रंग बदलतो. आणि पाकळ्याच नाहीत! रंगीत दिसतं ते सगळं निदलपुंज, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारं आवरण, त्यातून लांब लांब पुंकेसर बाहेर आलेले, म्हणून तो गेंद असा झुपकेदार दिसतो. वास मंद.

मला सगळ्यात आवडली ती कोवळी पानं. तांबूस, मऊ, झुपक्याने खाली लोंबलेली, जणू कुणी ओला रुमाल वाळत घातलाय. कोवळ्या पानाला ताठपणा यायचा असतो, हिरवेपणाही नंतर येतो, तोवर ती अशी लटकत राहतात आणि कडक उन्हाचा मारा थेट बसत नाही. थोडं पुढे उर्वशी होती, मूळची ब्रह्मदेशातली, लाल-पिवळी फुलं झुंबरासारखी खाली सोडलेली, तिचीही कोवळी पालवी अगदी तशीच लोंबणारी, कारण दोघंही चिंचेच्या जवळच्या नात्यातले.

आई मात्र अशोकाखालून हलेना. म्हणाली, सीतेला आमच्याकडून नेलं आणि बसवलं ते याच्याखाली. मग म्हणाली, अशोकारिष्टाची बाटली घरात कायम असायची, कधी विचारलं नाही की झाड कुठलं. मॅडमनी सांगितलं की त्या औषधासाठी साल लागते आणि साल काढून काढून जंगलातला अशोक कमी झालाय, आणि सालीत आसुपालवाची भेसळही होते. आईचा चेहरा पडला. शास्त्रात पंचवटी म्हणजे वड, पिंपळ, बेल, आवळा आणि अशोक ही पाच झाडं असंही सांगतात, नाशकात आपण पाच वडांची पंचवटी म्हणतो ते वेगळं. पण आमच्या गल्लीत अशोक नाही, हे दोघींनाही तिथे उभं असताना एकदमच जाणवलं.

परतीच्या गाडीत इगतपुरी येईपर्यंत तिची यादी तयार झाली, रोप कुठून आणायचं, कुठे लावायचं. नर्सरीत गेलो तर आधी आसुपालवच पुढे केला. आईने पान हातात घेऊन सांगितलं, हा नाही, सीता अशोक पाहिजे. तिसऱ्या नर्सरीत मिळाला, दीड फुटाचा.

अंगणात लावल्यावर पावसाळ्यात पहिली पालवी फुटली, तांबूस, सगळी खाली लोंबलेली. शेजारच्या काकू रोज कंपाउंडवरून बघायच्या, चौथ्या दिवशी बादली घेऊनच आल्या, म्हणाल्या अहो ताई हे मान टाकतंय, पाणी घाला. आईने त्यांना हाताला धरून जवळ नेलं आणि म्हणाली, थांबा, याचं असंच असतं, आठ दिवसांनी बघा.